इलाही वस्ताद आणि एक कोपर

विळीला धार लावून झाली की इलाही वस्ताद ती डोळ्यांजवळ नेत नसत. डोळे मिटून अंगठ्याचे नख पात्यावरून हलकेच आडवे फिरवीत, आणि जिथे ते किंचित अडखळे तेवढाच भाग पुन्हा चाकाला लावीत. कसबा बावड्यात त्यांचे धारेचे दुकान होते, घराणे शिकलगारांचे. ऊसतोडणीच्या दिवसांत कोयत्यांची रास त्यांच्या दाराशी पडलेली असे आणि चाकाचा घरघराट रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येई. परंतु गावात त्यांची ख्याती होती ती धारेमुळे नव्हे. तांबडे फुटायच्या सुमारास ते तालमीत जात. तिथे आखाड्याच्या कडेला बसून निखळलेले खांदे, मुरगळलेले घोटे, लचकलेल्या कमरा त्यांच्या हातांखालून जात. पात्यावरचा सूक्ष्म दाता ओळखणारा तोच अंगठा मांसाखालची गाठ ओळखी. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाकडून नारळाखेरीज काही घेतले नाही. ‘वस्तादांनी हात लावलाय’ एवढे कानावर आले की आखाड्यातला मल्ल निर्धास्त होई.

कोपराला संस्कृतात कूर्पर म्हणतात. प्राचीन शल्यवेत्त्यांनी त्याची गणना मर्मस्थानांत केली, आणि मर्मांचे जे प्रकार पाडले त्यांत त्याला वैकल्यकर म्हटले. त्यावर आघात झाला तर प्राण जात नाही. पण अंग विकल होते आणि त्या वैकल्यासह माणसाला जगावे लागते. हा भेद मी, गावातला संस्कृतचा शिक्षक, आयुष्यभर पोथीतला एक भेद म्हणून शिकवीत आलो होतो. त्याचा अर्थ मला वस्तादांच्या दाराशी बसून कळला.

जयसिंग इंगवले हा वस्तादांच्या जोडीदाराचा मुलगा. जोडीदार म्हणजे ज्याच्याशी रोज लढत करून अंग घडवायचे तो. बापूसाहेब इंगवले आणि इलाही यांनी वीस वर्षे एकमेकांना मातीत लोळवले होते. बापूसाहेब अकाली गेले तेव्हा जयसिंग नऊ वर्षांचा होता. त्याची आई मीनाबाई वस्तादांना एवढेच म्हणाली, “दादा, ह्येचं अंग आता तुमच्या हवाली.” त्या दिवसापासून ते अंग त्यांच्या हवाली होते.

परंतु मुलगा कुस्तीत रमला नाही. शाळूच्या राखणीला बसून गोफण फिरवण्यात त्याचा हात असा तयार झाला की बांधावरून मारलेला खडा पाखराच्या शेपटीला चाटून जाई. पुढे कॉलेजात व्यायामाच्या शिक्षकांनी बेसबॉल नावाचा नवा खेळ आणला. चेंडू फेकायचा आणि समोरच्याने तो दांडक्याने टोलवायचा. जयसिंगने फेकलेला चेंडू मात्र कुणाच्या दांडक्याला लागेना. तालमीतली पोरे त्याला चिडवीत, “काय रं बॉलवाल्या, लंगोट सोडलास आन् चेंडू धरलास व्हय?” वस्ताद हसत नसत. ते मैदानाच्या कडेला उकिडवे बसून पाहत. “हात त्येचा बापावानीच हाय,” ते मला एकदा म्हणाले. “फकस्त बाप माणसं फेकायचा.”

एकोणीसशे शहाऐंशीच्या आषाढात, ओल्या मैदानावर धाव पुरी करण्यासाठी घसरत जाताना जयसिंग उजव्या पंजावर पडला आणि त्याचे कोपर सांध्यातून निसटले. मैदानावर एकच कालवा झाला. वस्ताद धावत आले, चिखलात बसले, त्याचे मनगट आपल्या मांडीवर घेतले.

“वर बघ, पोरा. घारी किती फिरत्यात?”

“वस्ताद, मरतोय मी हितं…”

“मरशील मागनं. आधी मोज की!”

“एक… दोन… ती—”

खट्ट असा आवाज झाला आणि कोपर जागेवर बसले. मिरजेला नेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे प्रकाशासमोर धरून विचारले, “हे कोणी बसवलं? मला याहून चांगलं बसवता आलं नसतं.” वस्तादांनी मान खाली घातली. मीनाबाईने मात्र सगळ्या बावड्यात ते वाक्य सांगितले. पुढे जे झाले त्याची पहिली ओळ त्या स्तुतीतच लिहिली गेली होती, असे मला आज वाटते.

कारण डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. तीन आठवडे प्लास्टर, आणि ते निघाल्यावर हात ज्याचा त्यानेच, सोसेल तेवढाच हलवायचा. दुसऱ्या कोणी ओढायचा नाही, ताणायचा नाही. आणि तेल लावून चोळायचा तर मुळीच नाही.

प्लास्टर निघाले तेव्हा हात काटकोनात आखडलेला होता. तालमीच्या शास्त्रात आखडलेल्या अंगाला एकच उपाय असतो, मर्दन. कळ उठली पाहिजे. कळ उठल्याखेरीज गुण येत नाही, ही तिथली श्रद्धा. चाळीस वर्षे गुडघ्यांनी आणि खांद्यांनी ती श्रद्धा खरी करून दाखवली होती. कोपराची प्रकृती निराळी असते हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते. डॉक्टरांची मनाई वस्तादांनी ऐकली होती. पण ती कोणा आडगावच्या अडाणी हातासाठी असावी असे त्यांनी धरले. ज्या हाताची खुद्द डॉक्टरांनी वाखाणणी केली त्या हाताला मनाई कशी असेल?

मग रोज पहाटे कोमट तिळाचे तेल घेऊन ते जयसिंगच्या घरी जाऊ लागले. मीनाबाई दाराशी चूल पेटवून बसे. आत मुलगा दातांत पंचा धरून पडलेला असे आणि वस्तादांचे दोन्ही अंगठे कोपराच्या खोबणीत रुतलेले असत. चोळून झाले की मनगटाला वाळूची पिशवी बांधून हात खाटेवरून खाली लोंबता ठेवायचा.

“सोस, लेका. बापानं तुझ्या ह्येच्या दुप्पट सोसलंय.”

“सोसतोय की,” पंचा काढून जयसिंग म्हणे. “पर रोज थोडा जास्तच आखडतोय, वस्ताद.”

“उलटं फिरून मग सुलटं येतंय. थांब जरा.”

नजीरा, वस्तादांची पत्नी, तेवढी एकदा बोलली. “डागदर नगं म्हणालाय न्हवं? मग कशाला हात लावताय?” वस्तादांनी वाटीसाठी हात पुढे केला. तिनेच तेल कोमट करून वाटी त्यांच्या हातात दिली, हे तिने पुढे मला स्वतः सांगितले, आणि सांगताना पदराचे टोक दातांत धरले.

आश्विनात दुसरा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला. कोपराच्या पुढच्या बाजूला, जिथे नुसते मांस असायचे, तिथे कापसाच्या पुंजक्यासारखा पांढरा ढग उमटला होता. त्यांनी समजावून सांगितले. इजा झालेल्या स्नायूत रक्त साकळलेले असते. त्याला स्वस्थ ठेवले तर ते विरून जाते. चोळले, ताणले तर शरीर तिथे हाड घालू लागते. हे ते हाड.

“कोणी चोळलं?” डॉक्टरांनी विचारले.

“कुणी न्हाय,” जयसिंग म्हणाला.

“खरं सांग.”

“खरंच कुणी न्हाय, साहेब. माझं मीच हलवत होतो.”

मागे भिंतीशी उभ्या असलेल्या वस्तादांनी टोपी काढली. “मी,” ते म्हणाले. “रोज. दोन महिनं.”

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते, असे वस्ताद पुढे अनेकदा म्हणत. त्यांनी फक्त वस्तादांच्या हातांकडे पाहिले आणि म्हणाले, “ते हाड आता वर्षभर पिकत राहील. तोवर शस्त्रक्रिया नाही. हात पुरा सरळ कधी होईलसं वाटत नाही. चार बोटं कमी राहील.”

परतीच्या एसटीत दोघे शेजारी बसले होते. हातकणंगले मागे पडले. मग जयसिंगच म्हणाला, “कशाला बोललासा? मी सांभाळलं असतं की.” वस्ताद खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्या दिवसापासून तालमीतली त्यांची जागा रिकामी झाली. पहिलवान दाराशी येत, विनवीत. ते चाकावरून मान वर करीत नसत. कोणी कोपर धरून आला तर मात्र उठत, सदरा चढवीत आणि स्वतः त्याला मिरजेच्या गाडीत बसवून बरोबर जात. वाटेत त्याला एकच सांगत, “डागदरानं सांगितलंय तेवढंच कर. आन् कुणाला हात लावू दिऊ नगंस. मला बी न्हाय.”

जयसिंगपुढे मात्र वर्षभराचा अवकाश नव्हता. राज्याच्या संघाची निवड फाल्गुनात कोल्हापुरातच व्हायची होती, आणि वयाच्या अटीमुळे त्याचे ते शेवटचे वर्ष होते. त्या संघात नाव लागले तर पोलीस दलात खेळाडू म्हणून घेतील, असे त्याला सांगण्यात आले होते. मीनाबाई परक्यांच्या शेतात भांगलण करून गुडघ्यांनी थकली होती. मुलाच्या त्या एका हाताकडे ती संध्याकाळी दिवा लावताना ज्या दृष्टीने पाही, ती पाहवत नसे.

मार्गशीर्षात डॉक्टरांनी अखेर एक कागद दिला. तो इंग्रजीत असल्याने वस्ताद तो घेऊन माझ्याकडे आले. मी वाचून मराठी केले. ते ओसरीवर बसून प्रत्येक वाक्य दोनदा म्हणवून घेत. एक दिवस फेक, एक दिवस विसावा. आरंभ दहा पावलांवरून, पंचवीस फेकी, हलक्या. दोन आठवडे कळ आली नाही तरच पाच पावले वाढवायची. आतल्या बाजूला कळ उठली की त्या दिवशीचे काम तिथेच थांबवायचे. कोपर खांद्याच्या रेषेखाली उतरू द्यायचे नाही, कारण ते उतरले की फेकीचा सारा ताण आतल्या शिरेवर येतो. जोर पायातून उचलायचा, कमरेतून छातीत आणायचा. हात सर्वांत शेवटी. आणि तळाशी, रेघ मारून: एक वर्ष पुरे होईपर्यंत पूर्ण वेगाने फेकू नये.

“शेवटचं परत वाचा,” वस्ताद म्हणाले.

मी वाचले. ते फाल्गुनाचा हिशेब बोटांवर करीत असावेत. मग कागदाची घडी करून त्यांनी ती टोपीत ठेवली.

त्यानंतरचे अडीच महिने मी जे पाहिले त्याला तप म्हणावे की प्रायश्चित्त, हे मला ठरवता आलेले नाही. नदीच्या वाटेवरच्या पडक्या रानात पहाटे दोघे उभे असत. संघाचे कातडी हातमोजे कॉलेजात कुलपात. म्हणून नजीराने जुन्या वाकळेचे थर शिवून वस्तादांना एक हातमोजा करून दिला होता. तो घालून साठीचा हा मल्ल दहा पावलांवर उकिडवा बसे आणि चेंडू झेली. डाव्या बाजूला चिंचोक्यांची ढिगुळी. प्रत्येक फेकीला एक चिंचोका इकडून तिकडे. पंचविसावा सरकला की ते उठत. जयसिंग म्हणे, “आणिक चार, वस्ताद. गरम झालाय हात.” ते म्हणत, “चिंचोकं संपलं.”

खरी अडचण निराळीच निघाली. त्या हाताला गोफणीचे वळण होते. गोफणीत हात खालून येतो, कोपर मागे रेंगाळते आणि शेवटी एका झटक्यात पुढे सुटते. इतकी वर्षे त्याच झटक्यावर चेंडूचा वेग उभा होता, आणि नेमका तोच झटका आता विष होता. शिक्षकांनी सांगून पाहिले. कोपर पुनः पुनः उतरे. एके दिवशी वस्तादांनी मोजा काढून ठेवला आणि ते त्याच्या समोर उभे राहिले.

“ढाक लाव मला.”

“आँ?”

“ढाक. बापानं ह्यो डाव शिकवला हुता न्हवं? लाव.”

जयसिंगने डाव्या हाताने त्यांची मान धरली, पाऊल आत रोवले, कंबर फिरवली, आणि वस्ताद धप्पकन जमिनीवर आले. पडल्यापडल्याच म्हणाले, “जोर कुठनं आला? हातातनं?”

“न्हाय. कमरंतनं.”

“मग चेंडूला काय येगळा कायदा हाय?”

त्या दिवसापासून फेक बदलू लागली. डावे पाऊल झेलणाऱ्याच्या दिशेने पडू लागले, कंबर आधी वळू लागली, कोपर खांद्याच्या रेषेत राहू लागले. पंधरा पावले झाली, वीस झाली. हात शेवटी चार बोटे वाकलेलाच राही. चेंडू सुटताना तो पुरा उलगडत नसे, आणि त्या अपुरेपणाची भरपाई कुठून तरी व्हावी लागे. ती कुठून होत होती हे कोणी विचारले नाही. माघाच्या अखेरीस एकदा जयसिंग फेक संपवून निघाला तेव्हा मी पाहिले, की त्याने डाव्या हाताने कोपराची आतली बाजू क्षणभर दाबून धरली. वस्तादांनीही पाहिले. मग ते खाली वाकून चिंचोके गोळा करू लागले.

निवडीच्या आदल्या दिवशी मी वस्तादांना त्यांच्या दुकानात गाठले. चाक थांबलेले होते.

“कागदावर वर्ष लिहिलंय,” मी म्हणालो. “आठच महिने झालेत. तुम्ही नको म्हणालात तर तो ऐकेल.”

“ऐकंल की.”

“मग?”

त्यांनी आपले दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले. “गुरुजी, ह्या हातांनी त्येचं कोपर खाल्लं. आता ह्याच तोंडानं त्येला म्हणू, की ऱ्हायलेलं बी सोडून दे? मीनाबाईच्या दारात उभा ऱ्हाऊन म्हणू? कुठल्या अधिकारानं?”

मला आज एवढेच कळते, की श्रावणात या माणसाने मनाई असताना हात लावला, आणि फाल्गुनात मनाई करायची असताना तोंड मिटले. पहिली चूक अभिमानाची होती, दुसरी त्या अभिमानाच्या भस्माची. आणि कूर्पर मर्मावर आघात दोहोंचा सारखाच झाला.

मैदानावर दुसऱ्या दिवशी परगावच्या मुलांची गर्दी होती. निवड करणारे तिघे टेबलाशी बसले होते. प्रत्येकाला वीस फेकी. मीनाबाई आली नव्हती. घरी देवापुढे बसली होती. वस्ताद दोरीच्या अलीकडे, मुठीत वीस चिंचोके घेऊन.

पहिल्या अकरा फेकी निर्दोष गेल्या. पाऊल, कंबर, छाती, आणि हात सर्वांत शेवटी. कोपर खांद्याच्या रेषेत. टेबलावरच्या एकाने मान डोलावली. दुसऱ्याने मात्र कागदावरून नजर न उचलता म्हटले, “हात सफाईदार आहे. वेग कमी आहे.”

ते जयसिंगने ऐकले.

बाराव्या फेकीला तो थोडा जास्त वेळ थांबला. वस्ताद दोरीवर ओणवे झाले. त्यांच्या ओठांवर “नगं” आलेले मी पाहिले, पण त्याचा आवाज झाला नाही. हात खाली गेला, कोपर मागे रेंगाळले, आणि शाळूच्या बांधावरचा तो जुना झटका सुटला. चेंडू असा गेला की झेलणारा मागे पडला. टेबलाशी बसलेले तिघेही उठून उभे राहिले. त्यांना वाटले असेल, आता खरा फेकणारा सापडला. जयसिंग मात्र जागच्या जागी गुडघ्यांवर बसला होता आणि उजवा हात पोटाशी धरून होता, जसे एखाद्याने आपले तान्हे मूल धरावे.

वस्ताद दोरी ओलांडून धावले, आषाढात धावले होते तसेच. त्याच्यासमोर मातीत बसले, आणि त्यांचे दोन्ही हात सवयीने त्या कोपराकडे गेले. वीतभर अलीकडे थांबले. मग त्यांनी ते मागे घेतले आणि पाठीशी धरले, एका हाताने दुसऱ्याचे मनगट आवळून. चिंचोके मातीत सांडले होते.

“आतनं फाटलं कायतरी,” जयसिंग म्हणाला. चेहरा राखेसारखा झाला होता. “आवाज आला मला.”

“मिरजंला जाऊ. गाडी आत्ता हाय.”

“जाऊ की. घाई काय हाय आता.”

शिक्षक पाणी आणायला गेले. टेबलाशी दुसऱ्या मुलाचे नाव पुकारले गेले. बाराव्या फेकीपुढे कागदावर काय लिहिले हे कोणी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. जयसिंगने वस्तादांच्या पाठीमागे आवळलेल्या हातांकडे पाहिले.

“हात लावा की, वस्ताद.”

वस्तादांनी मान हलवली.

“लावा. आता काय बिघडायचं ऱ्हायलंय?”

त्या शब्दांत ठपका नव्हता. तो असता तर वस्तादांना ते सोसणे सोपे गेले असते. मग त्यांनी उजवा हात पुढे आणला. अंगठा आत दुमडून घेतला, आणि नुसता तळवा त्या कोपराखाली धरला, निरंजन धरावे तसा, कुठेही न दाबता. हाताचे वजन तेवढे त्यांनी घेतले.

जयसिंगने मान मागे टाकली आणि डोळे मिटण्याऐवजी उघडे ठेवले.

“घारी मोजू, वस्ताद?”

“मोज,” वस्ताद म्हणाले.